एका वेळी किती मशीन?

सकाळी १०.३०

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालू लागलं की शटर वर जाण्याचे आवाज ऐकू येतात. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे, पण गिऱ्हाईक, हमाल, कुरिअरवाला, सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. शेठ अगरबत्ती लावतात, पोऱ्या काउंटर पुसतो, आणि मी आतल्या टेबलावरचा दिवा लावतो. लॅपटॉप उघडणं, बंद करणं आणि गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगणं, एवढं माझं काम.

टेबलावर एक लॅपटॉप रात्रभर मेमटेस्टवर, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर होता. तक्रार अशी की एरवी मशीन ठीक चालतं, व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) सुरू केलं की निळा स्क्रीन येतो. मालकाचा संशय विंडोजवर होता. पण रोजच्या कामात अर्धी रॅम मोकळीच पडलेली असते. व्हीएम सुरू झालं की ती जवळजवळ सगळी भरते आणि खराब कप्प्याशी गाठ पडते. स्क्रीनवर लाल ओळी आल्या आहेत, म्हणजे रॅमच दोषी. आता दोन पट्ट्यांपैकी कुठली, हे एकेक लावून बघायचं. रात्री दोन्ही एकत्र होत्या, दिवसा वेगवेगळ्या.

११.३०

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आला. कॉलेजात सायबर सिक्युरिटीचा विषय लागलाय. सीनियरने सांगितलंय, ‘३२ जीबीशिवाय लॅब चालत नाही.’ हातात वडिलांनी दिलेले पैसे.

‘एका वेळी किती मशीन चालवणार?’ मी विचारलं. येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारतो. नुसती डिस्कवर पडून असलेली मशीन रॅम खात नाहीत, चालू असलेली खातात.

तो बोटं मोजू लागला. एक काली लिनक्स, एक मुद्दाम कच्चं ठेवलेलं मेटास्प्लॉइटेबल, एक विंडोज सर्व्हर. मी कागदावर हिशेब मांडला. त्याचं स्वतःचं विंडोज ११ आणि ब्राउझर मिळून पाचेक जीबी. कालीला २, मेटास्प्लॉइटेबलला अर्धा जीबी पुरतो, सर्व्हरला ४. बेरीज साडेअकरा. १६ जीबीत आरामात बसतं.

‘टास्क मॅनेजर उघड, मेमरीवर जा,’ म्हटलं. ८ जीबी, दोनपैकी एक स्लॉट वापरात, फॉर्म फॅक्टर सोडिम. म्हणजे एक खाच रिकामी आहे आणि तशीच ८ची दुसरी पट्टी बसेल. दोन्ही सारख्या असल्या की ड्युअल चॅनलचा वेगही मिळतो. ३२चे पैसे वाचले. शेठने माझ्याकडे एकदा पाहिलं, पण बोलले काही नाहीत.

१२.१५

पट्टी बसवायला पाच मिनिटं लागतात, बाकीचा वेळ झाकण उघडण्यात जातो. स्क्रू लांबीप्रमाणे चुंबकाच्या पाटावर लावून ठेवायचे, लांब स्क्रू चुकून आखूडच्या जागी पिळला तर वरचं पॅनल फुटतं. कडेने प्लास्टिकची पिक फिरवायची, आणि आत हात घालण्याआधी बॅटरीची तार काढायची. चार्जर काढला म्हणजे वीज बंद झाली, असं लॅपटॉपमध्ये नसतं. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी धातूला हात लावायचा.

डीडीआर३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पिना अनुक्रमे २०४, २६० आणि २६२, आणि कापलेली खाचही वेगवेगळ्या ठिकाणी. पट्टी तिरकी आत सरकवून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् वाजल्या पाहिजेत. जोर लावावा लागत असेल तर पट्टीच चुकीची.

विद्यार्थ्याची पट्टी डीडीआर५ची. बटण दाबल्यावर स्क्रीन काळाच. मुलाचा चेहरा उतरला. नवीन रॅम ओळखून तिची घडी बसवायला डीडीआर५चं मशीन पहिल्यांदा मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ घेतं. त्या वेळात बटण पुन्हा पुन्हा दाबत बसलं की गोंधळ होतो. थांबलो. कंपनीचं चिन्ह आलं.

व्हीएम मात्र सुरू होईना. बायोसमध्ये इंटेलचं व्हीटी-एक्स बंद होतं. व्हर्च्युअलायझेशनची ही प्रोसेसरमधली सोय २००५ पासूनची, एएमडीची त्यानंतरच्या वर्षीची, आणि तरी कित्येक लॅपटॉप ती बंद ठेवूनच येतात. चालू करून दिली.

दुपारी २.००

डबा. शेजारच्या दुकानातला भाजी घेऊन येतो, मी चपाती देतो.

२.४५

एक काका, मुलीचा पातळ लॅपटॉप घेऊन. ‘हिला अँड्रॉइडचं काम शिकायचंय, एम्युलेटर अडकतो, रॅम वाढवून द्या.’ टास्क मॅनेजरमध्ये फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’. मी झाकण उघडलंच नाही. रॅम बोर्डावरच डकवलेली आहे, स्लॉट नाही. ॲपलने २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये हेच केलं, आणि आता पातळ लॅपटॉपांत सर्रास आढळतं. काकांना वाटलं, मी काम टाळतोय.

‘काका, घेतानाच १६ची घ्यायला हवी होती. आता एम्युलेटर बाजूला ठेवा. ताईंना म्हणावं, स्वतःचा फोन केबलने जोडून त्यावर ॲप चालवा. लॅपटॉपवरचा भार तेवढा कमी होईल.’ पैसे काही झाले नाहीत. काका दारातून परत आले, चार्जर घेतला, गेले.

४.००

ठाण्याहून एका सॉफ्टवेअरवाल्याचा फोन. मागच्या महिन्यात त्याच्या मशीनला ३२ जीबी केली होती. ‘भाऊ, निम्मी रॅम व्हीएममेम नावाचं काहीतरी खातंय. व्हायरस आहे का?’ व्हायरस नाही, त्याचं डॉकर आहे. विंडोजच्या आत डॉकर ज्या लिनक्सवर चालतं, ते मर्यादा घालून दिली नाही तर एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत हात पसरतं. रॅम वाढवली तसा त्याचा वाटाही वाढला. व्हीएम म्हणजे घरात ठेवलेला भाडेकरू. खोली किती द्यायची ते घरमालकाने ठरवावं, नाहीतर तो पसरतो. डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादेची एक ओळ लिहायला सांगितली. ८ जीबी त्याच्या कामाला पुरेसे होते.

फोन ठेवता ठेवता त्याने दुसरं दुखणं काढलं: व्हीएम चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसतं आणि मशीन रांगतं. कासव दिसलं म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरवर थेट ताबा मिळत नाही, मध्ये विंडोजचा हायपर-व्ही बसलाय. डॉकर हवं तर हायपर-व्ही राहणार. दोन्ही कामं एका वेळी करू नकोस, एवढंच सांगता आलं. कितीही रॅम घातली तरी ते कासव पळणार नाही.

५.३०

हिशेबनीस आले. जुना हिशेबाचा प्रोग्रॅम फक्त ३२ बिट विंडोज ७वर चालतो, ऑफिसचा जुना पीसी मेला. ‘नव्या लॅपटॉपमध्ये भरपूर रॅम टाका, म्हणजे जुनं पळेल.’ ३२ बिटांच्या विंडोजला ४ जीबीपलीकडचं दिसतच नाही. दोन जीबीचं व्हीएम करून दिलं, परवाना त्यांचाच जुना. प्रोग्रॅमचं यूएसबी डोंगल आतल्या मशीनला जोडून दिलं आणि नेटवर्क तोडून टाकलं, कारण विंडोज ७ला मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० नंतर बंद झाल्या. मशीनमध्ये मशीन चालवण्याचा हा उद्योग नवा नाही. आयबीएमने १९६०च्या दशकात एका मोठ्या यंत्रात अनेक यंत्रं चालवून दाखवली, १९९९मध्ये व्हीएमवेअरने तेच साध्या पीसीवर आणलं.

खर्च झाला तो एसएसडीवर. लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क होती, आणि तिच्यावर दोन विंडोज एकत्र चालवणं म्हणजे दोघांनाही ताटकळत ठेवणं.

७.००

भाव विचारण्याची वेळ. २०२५च्या अखेरीपासून रॅम महागली आहे. कारखान्यांनी एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे मोर्चा वळवला, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रूशियल’ ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. शेठ आता सकाळचा भाव संध्याकाळी देत नाहीत. गिऱ्हाइकं काढलेली जुनी पट्टी विकायला आणतात. पूर्वी ड्रॉवरमध्ये पडून असायची, हल्ली तपासून, चिठ्ठी लावून ठेवतो.

८.३०

शटर अर्धं खाली. दिवसभरात आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं काम रॅम न विकता झालं, आणि दुकान तरीही चाललं. दुकानात येण्याआधी घरीच टास्क मॅनेजर उघडा. मेमरीत स्लॉट किती आणि फॉर्म फॅक्टर काय, सीपीयूच्या पानावर व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का, एवढं बघा. मग कागदावर एका वेळी चालणाऱ्या मशीनांची रॅम मांडा, त्यात स्वतःच्या विंडोजचे पाचेक जीबी मिळवा. बेरीज आहे त्या रॅममध्ये बसत असेल तर पैसे खिशातच ठेवा. बसत नसेल आणि खाच रिकामी असेल, तर या.