वऱ्हाडी संत्र्याचा टार्ट

विदर्भातले संत्र्याचे झाड सहसा स्वतःच्या मुळांवर उभे नसते. रोपवाटिकेत जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात. जमिनीखाली आंबट लिंबाचे मूळ आणि वर गोड फळ, असा हा संसार. वाशीम जिल्ह्यात मंगरुळपीर आणि कारंजा या तालुक्यांत अशा बागा आहेत आणि शेलूबाजार हे मंगरुळपीर तालुक्यातले बाजाराचे गाव. त्यामुळे इथल्या एखाद्या घरात फळाच्या कर्डचा टार्ट करायचे ठरले, तर हिवाळ्यात तरी फळ कोणते घ्यायचे हे शोधावे लागत नाही. अडचण दुसरीच असते. पाककृती लिंबासाठी लिहिलेली आणि टोपलीत संत्री.

टार्ट म्हणजे मैद्याची खुसखुशीत, वरून उघडी पारी आणि तिच्यात भरलेले सारण. या सारणाला कर्ड म्हणत असले तरी त्यात दही नसते. आंबट फळाचा रस, साखर, अंडी आणि लोणी मंद आचेवर ढवळत घट्ट केले की ते तयार होते. इंग्लंडमध्ये ते लिंबाचे करत आले आहेत. उष्ण प्रदेशांत पॅशन फ्रूट, अननस, आंबा अशी फळे त्यात आली. यातली जी फळे मुळातच चांगली आंबट, त्यांचे कर्ड सहज जमते. नागपुरी संत्र्याच्या रसात आम्ल जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते आणि कागदी लिंबाच्या रसात सहा-सात टक्के. लिंबाच्या जागी तेवढाच संत्र्याचा रस ओतला, तर हाती येते ते गोडमिट्ट, अंड्याच्या चवीचे पिवळे सारण. लोण्याचा तुपकटपणा कापायला आंबटपणाच नसतो.

म्हणून संत्र्याच्या टार्टलाही लिंबाचा आधार लागतो. तो दुरून आणावा लागत नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यातले वाडेगाव लिंबाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कागदी लिंबाचे स्वतःचे वाण दिलेले आहेत. दीडशे मिलिलिटर संत्र्याच्या रसाला साठ मिलिलिटर लिंबाचा रस, हे प्रमाण बहुतेकांच्या जिभेला पटते. मृग बहाराचे पिकून गोड झालेले फळ असेल तर लिंबू थोडे वाढवायचे.

बहाराचा हिशेब टार्ट करणाऱ्यालाही ठाऊक हवा. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरते. मृगाचा बहार पावसाळ्याच्या तोंडाशी फुलतो आणि त्याचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते. व्यापारी मोठा, एकसारखा, चकचकीत माल आधी उचलतो. लहान फळे, म्हणजे चुरी, मागे राहतात आणि स्वस्त मिळतात. टार्टसाठी तीच घ्यावीत. रसाला आकार नसतो. साल मात्र डागाळलेली नको, कारण खरा सुगंध सालीत आहे.

शेलूबाजारमधल्या एका स्वयंपाकघरात कामाची सुरुवात या सालीपासूनच होते. संत्री धुऊन, पुसून सोलण्याआधी किसायची. मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे ती बारीक किसणीवर बिनधास्त घासता येते. नागपुरी संत्र्याची साल सैल, आत पोकळ. जरा जोर लागला की ती किसणीवर फाटते आणि खालचा पांढरा भाग किसात येतो. तो कडू. सून फळ तळहातात फिरवत राहते, एका जागी दोनदा घासत नाही. तीन संत्र्यांचा नारिंगी कीस दीडशे ग्रॅम साखरेत पडतो आणि ती तो बोटांनी चोळते. दोन मिनिटांत साखर ओलसर होते, तिचा रंग बदलतो आणि वास ओसरीपर्यंत जातो. सालीतल्या तेलाच्या पिशव्या साखरेच्या कणांनी फुटतात, त्याचा हा परिणाम.

दारातून सासूबाई विचारतात, “काऊन वं, अंड्याचा वास तं नाई येनार?”

“नाई येत आई, साल चोळली न साखरेत.”

रस काढताना मिक्सर वापरायचा नाही, हा या घरातला दंडक आहे आणि त्यामागे रसायनशास्त्र आहे. संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो, हे विदर्भात कुणालाही सांगावे लागत नाही. फळाच्या बियांत आणि फोडींच्या पडद्यांत एक द्रव्य असते. ते स्वतः कडू नसते. पण रसातल्या आम्लाशी गाठ पडली की त्याचे हळूहळू लिमोनिन होते आणि ते कडू लागते. उष्णतेने ही क्रिया आणखी वेगाने होते. नागपुरी संत्र्याच्या रसावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाची ही जुनी डोकेदुखी आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने बिनबियांच्या संत्र्यावर काम केले, त्याचा फायदा इथेही आहे. घरात उपाय सोपा. फळ आडवे कापायचे, हाताने हलके पिळायचे, लगेच गाळायचे आणि त्याच तासात वापरायचे. रस आटवून दाट करण्याचा सल्ला इतर फळांना चालतो, या फळाला नाही.

दुसरे काम पारीचे. दोनशे ग्रॅम मैदा, शंभर ग्रॅम थंड लोणी, पन्नास ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा बलक आणि लागलेच तर चमचाभर गार पाणी. मैद्यात लोणी चोळून रव्यासारखे करायचे. पिठाच्या कणांभोवती स्निग्धाचा थर बसला की पाणी आत शिरत नाही, चिवटपणा येत नाही आणि पारी खुसखुशीत होते. लोणी मात्र ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळू लागते आणि अकोला-वाशीम भागात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे असतो. मे महिन्यात हे पीठ हातातच तेलकट होते. संत्र्याचा हंगाम थंडीचा असतो, हे इथे कामी येते.

घरचे लोणी वापरायचे तर ते गार पाण्यात धुऊन ताक पूर्ण काढायला हवे, नाहीतर पाण्यामुळे पारी आकसते. विकतचे लोणी खारे असेल तर वेगळे मीठ घालायचे नाही. आणखी एक वाट नानकटाईची आहे. थंडीत गोठलेले रवाळ साजूक तूप घ्यायचे, साधारण ऐंशी ग्रॅम. तुपात पाणी नसल्यामुळे पारी जास्त भुसभुशीत होते, कापताना तुटते, पण तोंडात विरघळते.

पीठ अर्धा तास गार ठेवून लाटले, साच्यात बसवले, काट्याने टोचले की त्यावर बटर पेपर आणि कागदावर वजन. मोठ्या शहरांतल्या दुकानांत यासाठी चिनीमातीच्या गोळ्या मिळतात. वाशीम हा सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा जिल्हा, तेव्हा इथे डब्यात हात घालायचा. कोरडा हरभरा काठोकाठ भरला की पारीच्या भिंती खाली घसरत नाहीत आणि तळ फुगत नाही. भाजलेला हा हरभरा पुन्हा शिजत नाही. तो एका डब्यात बाजूला ठेवायचा, दर वेळी तोच कामाला येतो. १८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे वजनासकट आणि नंतर वजन काढून दहा-बारा मिनिटे, तळ बदामी होईपर्यंत.

ओव्हन सगळ्यांकडे नसतो आणि असला तरी वीज असतेच असे नाही. दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीवर जायचे आणि नानकटाईचे डबे भरून आणायचे, ही महाराष्ट्रातल्या गावांतली जुनी रीत. घरात भाजायचे तर जाड बुडाची कढई घेऊन तळाशी मीठ पसरायचे, त्यावर रिंग, घट्ट झाकण आणि दहा मिनिटे तापवून मग साचा आत. यात उष्णता खालून येते. तळ लवकर भाजतो आणि कडा फिकट राहतात, म्हणून आच मंद हवी आणि वेळ जास्त, पाऊण तासाच्या आसपास. नऊ इंचांच्या एका टार्टपेक्षा छोट्या स्टीलच्या वाट्यांतले टार्ट कढईत जास्त चांगले होतात.

कर्ड करताना भांडे स्टीलचे हवे. ॲल्युमिनियमला आम्ल लागले की रंग काळपट होतो आणि चव धातूसारखी लागते. पितळी पातेले कल्हईशिवाय तर मुळीच नाही. पातेल्यात तीन अंडी आणि तीन बलक सालीच्या साखरेबरोबर फेटायचे, त्यात दोन्ही रस घालायचे आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर हे पातेले असे ठेवायचे की त्याचे बूड पाण्याला टेकणार नाही. पुढची दहा-बारा मिनिटे चमचा थांबत नाही.

सुरुवातीला वर नुसता फेस दिसतो आणि काहीच घडत नाही असे वाटते. नुसता बलक ६५ ते ७० अंशांत घट्ट होतो; पण साखर आणि रस मिसळल्यामुळे अंड्यातली प्रथिने एकमेकांपासून दूर असतात आणि त्यांना जास्त उष्णता लागते. ७५ अंशांच्या पुढे फेस बसतो, मिश्रण जड होते, चमच्याची वाट क्षणभर तशीच राहते. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती भरून आली नाही, की खाली उतरवायचे. उकळी येऊ दिली तर अंड्याचे कण वेगळे होतात. झालेच तर बारीक गाळणीतून गाळावे. गाळणे तसेही आवश्यक आहे, सालीचा कीस त्यात निघून जातो. मग किंचित निवल्यावर शंभर ग्रॅम लोणी तुकड्या-तुकड्यांनी घालायचे. गरम असताना कर्ड पातळच वाटते. लोणी गार होऊन गोठले की ते कापण्याजोगे होते. रंग फिकट वाटला तर तो फळाचा दोष नाही. गावरान अंड्यांचा बलक गडद असेल तर कर्डही गडद होते.

अंडी चालत नाहीत अशी घरे या भागात पुष्कळ. कारंजा हे जैनांचे जुने केंद्र आणि मालेगाव तालुक्यातले शिरपूर अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे देशभर माहीत असलेले तीर्थक्षेत्र. बिनअंड्याच्या कस्टर्डला तर मोठा इतिहास आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड याने १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअरचे कस्टर्ड केले, कारण त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती. तीच युक्ती इथे चालते, एका बदलासह. कॉर्नफ्लोअर उकळल्याशिवाय शिजत नाही आणि संत्र्याचा रस उकळला तर कडवटतो. म्हणून तीस ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि साखर सव्वाशे मिलिलिटर पाण्यात शिजवून दाट, पारदर्शक करायचे, आच बंद करायची आणि मग ताजा रस थोडा थोडा फेटत घालायचा. लिंबू सगळ्यात शेवटी, कारण गरम आम्लात स्टार्च पातळ होतो. लोणी साठ ग्रॅम पुरते. पारीतला बलक वगळून चमचाभर गार दूध घातले की काम भागते. चव अंड्याच्या कर्डइतकी भरीव नसते, संत्र्याचा वास मात्र जास्त ताजा राहतो.

हंगाम सरला की फळ बदलते आणि नियमही. उन्हाळ्यात आंब्याचा गर घेतला तर तो मुळात दाट, म्हणून अंडी कमी आणि लिंबू भरपूर. अननस घ्यायचा तर रस आधी उकळायचा, कारण कच्च्या अननसातले ब्रोमेलिन प्रथिने तोडते. सीताफळाच्या वाटेला जाऊ नये. त्यात आंबटपणा जवळजवळ नसतो आणि तापवल्यावर गर कडसर होतो.

भरलेला टार्ट दोन-तीन तास फ्रिजमध्ये बसू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. त्यानंतर पारी ओलावते. अंड्याचे कर्ड बाहेर ठेवून चालत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी मोठ्या साच्याच्या भानगडीत न पडता वाट्यांतले छोटे टार्ट करावेत, डिसेंबरातली संत्री घ्यावीत आणि रस काढल्यावर गप्पा मारत बसू नये.