जुनी बरणी पारखून वापरा

जुनं ते सोनं, असं आपण म्हणतो. पण सोनंसुद्धा सराफ कसोटीवर घासून पाहतो. घरातल्या जुन्या काचेच्या बरणीचंही तसंच आहे. ती आधी पारखावी, मग वापरावी.

नांदेड-लातूरकडे पुष्कळ घरांत फडताळात अशी एखादी बरणी असते. कुणाच्या आजीने ती घेतलेली असते. कुणी ती बाजारातून जुनी म्हणून आणलेली असते. कैऱ्या आल्या की ती खाली उतरते.

लोणच्याला काच चांगली. मीठ आणि आंबट लोखंडाला गंजवते, पितळेत ठेवलेले आंबट कळकते. काचेला मात्र काही होत नाही. काच आपल्या मुलखात पूर्वीपासून तयार होते. लोकांनी पैसा पैसा जमवून १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना काढला. कराडजवळ ओगल्यांचा कारखाना १९१६ साली निघाला. प्रभाकर कंदील त्यांचाच.

आता बरणीच्या चार कसोट्या पाहू.

पहिली कसोटी : आधी त्यात काय होते? हे सगळ्यांत महत्त्वाचे. कापसावर, सोयाबीनवर फवारायचे औषध, रॉकेल किंवा तेजाब ज्यात होते, ती बरणी किंवा बाटली खाण्याच्या वस्तूला कधीही वापरू नये. दहा वेळा धुतली तरी नाही. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली फोडून, वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर खोल पुरावी. घरात ठेवली तर कुणी तरी नकळत त्यात तेल भरते, आणि घात होतो. बाजारातून आणलेल्या बरणीत आधी काय होते ते कळत नसेल, तर तिच्यात खिळे ठेवा, बटणे ठेवा. लोणचे नको.

दुसरी कसोटी : काठ. कापसाचा बोळा घ्या आणि बरणीच्या काठावरून हळूच फिरवा. तंतू अडकले की तिथे टवका उडालेला आहे असे समजा. डोळ्यांना तो दिसणारही नाही. पण तिथून काचेचा कण सुटतो, लोणच्यात पडतो आणि लेकराच्या घासात जातो. अशी बरणी खाण्याच्या कामातून काढावी.

तिसरी कसोटी : तडा. बरणी उन्हात धरून फिरवून पाहा. केसासारखी रेघ चमकली की तो तडा. काचेतला नुसता बुडबुडा म्हणजे तडा नव्हे, पण तिथे काच कमजोर असू शकते.

चौथी कसोटी : झाकण. पत्र्याचे जुने झाकण गंजलेले असते, रबराचे कडे कडक होऊन तडकलेले असते. मिठाने गंज आणखी वाढतो आणि लोणच्यात उतरतो. म्हणून झाकण नवे घ्या. नाही तर आपला दादराच बरा. स्वच्छ धुतलेले कापड बरणीच्या तोंडावर घट्ट बांधा.

चारही कसोट्यांत उतरलेली बरणीसुद्धा एका गोष्टीला भिते. ती म्हणजे एकदम ऊन आणि एकदम गार. काच तापली की फुगते. कढत फोडणी ओतली की आतली बाजू फुगते, बाहेरची गारच राहते. दोघींची ओढाताण होते आणि बरणी तडकते. काच जाड म्हणजे मजबूत, असे आपल्याला वाटते. पण जाड काचेतून ऊब हळू पोचते, म्हणून तीच लवकर फुटते. तेव्हा फोडणी पूर्ण निवू द्या, मगच ओता. बरणी उकळायची असेल तर पातेल्याच्या तळाशी फडके घाला. बरणी गार पाण्यातच ठेवा आणि पाणी हळूहळू तापवा. नंतर ती त्याच पाण्यात निवू द्या. मग उन्हात खडखडीत वाळवा. ओल राहिली की लोणच्याला बुरशी येते.

आता बरणीत भरायचे काय? कैरीचे, लिंबाचे खारट-आंबट लोणचे भरा. डाळी, कारळाची चटणी, गूळ ठेवा. मात्र एक गोष्ट टाळा. अमेरिकेत जॉन मेसन याने १८५८ साली आट्यांच्या झाकणाची बरणी काढली. तिकडे भाज्या अशा बरणीत बंद करून महिनोन् महिने ठेवतात. आपण ती नक्कल करू नये. मातीत एक जंतू असतो. जिथे हवा नाही आणि आंबटही नाही, तिथे तो वाढतो आणि जहाल विष तयार करतो. त्याचे बीज साध्या उकळीने मरत नाही. त्याला दाबाची वाफ, १२१ अंशांची ऊब लागते. त्या विषाला वास नसतो, चवही नसते. म्हणून भाजी बरणीत कोंडून ठेवू नये. नुसत्या तेलात बुडवलेला लसूणही बाहेर दिवसच्या दिवस ठेवू नये. आपल्या लोणच्यातले मीठ आणि आंबट या जंतूला वाढू देत नाही. म्हणून मिठात आणि आंबटात हात आखडू नका.

कसोटीला न उतरलेली बरणी टाकून देणे जिवावर येते. आजीची आठवण असते. ती जरूर ठेवा. दिवाणखान्यात ठेवा, मोराचे पीस ठेवा. फक्त ताटात वाढायच्या वस्तू तिच्यात ठेवू नका.