मेंदूचे शास्त्र (लेखांक ५) : पदवीच्या वर्गातील चेताविज्ञान

मज्जासंस्थेच्या रचनेवरील संशोधनाबद्दल कहाल आणि गोल्जी या दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक एकत्र मिळूनही त्यांचे मतैक्य कसे झाले नाही, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. ज्या शास्त्राचा पाया त्या दोघांच्या भांडणात घातला गेला, ते आज अमेरिकेतील अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना कसे शिकवले जाते, हा या आठवड्याचा विषय आहे.

स्वतंत्र शास्त्र म्हणून चेताविज्ञानाचे वय फारसे नाही. १९६२ साली फ्रान्सिस श्मिट यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि मानसशास्त्र अशा परस्परांच्या इलाख्यांत सहसा पाऊल न टाकणाऱ्या विद्वानांना मेंदूच्या प्रश्नाभोवती एकत्र बसवले. १९६९ मध्ये या अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. आणि १९७३ मध्ये अ‍ॅम्हर्स्ट या लहानशा महाविद्यालयात पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला. अशा महाविद्यालयांत पुष्कळदा या विषयाचे निराळे खाते नसते. जीवशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन खात्यांचे अध्यापक मिळून तो चालवतात, आणि या दुहेरी अंमलाचे फायदे-तोटे विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात.

स्मृती, स्वप्न, उन्माद यांचा उलगडा होईल या अपेक्षेने जो दाखल होतो, त्याची पहिली दोन वर्षे बहुधा रसायन, कलनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि संख्याशास्त्र यांतच जातात. त्याची कुरकूर स्वाभाविक असली तरी माझ्या मते रास्त नाही, आणि ती का नाही हे एका जुन्या प्रयोगावरून ध्यानात येईल.

क्रेफिश हा शेवंडीचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. बर्फात ठेवून बधिर केलेल्या या प्राण्याच्या शेपटीचे स्नायू उघडे करून क्षारद्रवात ठेवतात, आणि जिचे टोक डोळ्यांना दिसतही नाही अशी काचेची नळी सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू स्नायुतंतूत उतरवतात. पुष्कळ वेळ काहीच घडत नाही, टोके मोडतात, विद्यार्थी वैतागतो. आणि मग एकाएकी पडद्यावरची रेषा धाडकन खाली येते, कारण पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० ते ८० मिलिव्होल्ट ऋण असतो. आता द्रवातील पोटॅशियम टप्प्याटप्प्याने वाढवीत न्यावयाचे. नेर्न्स्टच्या सूत्राप्रमाणे पोटॅशियम दसपट झाले की विभवांतर सुमारे ५८ मिलिव्होल्टनी सरकले पाहिजे. लॉगरिथमच्या कागदावर बिंदू मांडले की पोटॅशियम भरपूर असेतोवर ते सरळ रेषेत बसतात, पण पोटॅशियम अगदी कमी केले की रेषेपासून ढळू लागतात. ते का ढळतात, हाच खरा धडा : पेशीपटलातून थोडे सोडियमही झिरपत असते. सूत्र कोठे खरे ठरते आणि कोठून अपुरे पडू लागते, हे ज्याने स्वतःच्या हाताने काढलेल्या आलेखावर पाहिले, त्याला मेंदूविषयीच्या सुलभ सिद्धांतांनी भुलवणे सोपे नाही.

या शिक्षणातील उणीव मला निराळ्याच ठिकाणी दिसते. १९५३ च्या शस्त्रक्रियेनंतर ज्याला नव्या आठवणी साठवता येईनात, त्या हेन्‍री मोलेसनची हकीकत विद्यार्थ्याला शिकवतात; पण त्या स्नायुतंतूपासून या गृहस्थाच्या विस्मृतीपर्यंतचा मार्ग मध्ये बराचसा अनोळखीच आहे, हे पाठ्यपुस्तकाच्या लागोपाठच्या प्रकरणांमुळे झाकले जाते.

आपल्याकडचा विद्यार्थी बहुधा आडवाटेने या शास्त्रात येतो. कोणी वैद्यकातून, कोणी प्राणिशास्त्रातून, कोणी पुण्याच्या आयसरमधील विज्ञानशिक्षणातून; मग बंगळूरची निम्हान्स किंवा मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र त्याला पुढच्या अभ्यासासाठी खुले असते. यात फार मोठे नुकसान आहे असे मला वाटत नाही. चेताविज्ञानाची पदवी अस्तित्वातही नव्हती त्या काळात, १९५२ मध्ये, हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माखळीच्या जातीतल्या एका सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवरून चेतासंदेशाचे गणित मांडले. त्यासाठीची आकडेमोड हक्स्लीने हाताने फिरवावयाच्या यंत्रावर केली. ती कशी, ते पुढील लेखांकात.