पैसा वाट्याने, मत पाळीने

फ्रँकफर्टच्या युरोपियन सेंट्रल बँकेत (ईसीबी) कोणत्याही सरकारचा एकही शेअर नाही. आपली रिझर्व्ह बँक १९४९ पासून संपूर्ण सरकारी आहे. १ जून १९९८ रोजी स्थापन झालेल्या ईसीबीचे मालक मात्र युरोपीय संघातल्या देशांच्या मध्यवर्ती बँका. मालक म्हणायचे, पण वाटा विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही.

कोणी किती भरायचे ते ठरते निम्मे लोकसंख्येवर, निम्मे जीडीपीवर. दर पाच वर्षांनी आकडे नव्याने मांडतात. त्यानुसार एकूण १०.८ अब्ज युरोंच्या भांडवलात जर्मनीच्या बुंडेसबँकेचा वाटा २१ टक्क्यांहून जास्त, माल्टाचा जेमतेम ०.१ टक्का. युरो न घेतलेल्या स्वीडन, पोलंडसारख्यांच्या बँका आपल्या वाट्यापैकी फक्त ३.७५ टक्के भरतात, तेही खर्चापोटी. त्यांना नफा नाही, तोट्याची झळही नाही. ब्रेक्झिटपर्यंत बँक ऑफ इंग्लंडचेही असेच चालले होते.

भांडवलापेक्षा मोठी रक्कम गेली ती गंगाजळीच्या रूपाने. १९९९ च्या आरंभी युरो घेतलेल्या अकरा देशांच्या बँकांनी सुमारे ३९.५ अब्ज युरोंचा परकीय साठा ईसीबीच्या हवाली केला: १५ टक्के सोने, बाकी डॉलर आणि येन. हे काही दान नव्हे. बदल्यात प्रत्येकीच्या नावे ईसीबीकडून युरोतले येणे जमा झाले. त्यावर व्याज मिळते, फक्त सोन्यापोटीच्या हिश्श्यावर नाही.

व्याजदर ठरवताना मात्र हा वाटा कोणी विचारत नाही. सहकारी साखर कारखान्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. सुरुवातीला इथेही युरो घेतलेल्या देशांच्या बँकांच्या गव्हर्नरांचे तसेच होते. २०१५ पासून पाच मोठ्या देशांच्या गव्हर्नरांत चारच मते पाळीपाळीने फिरतात. म्हणजे बुंडेसबँकेचे अध्यक्ष एखाद्या महिन्यात चर्चा करतात आणि मताच्या वेळी हात खाली ठेवतात. जर्मनीत यावर कुरकुर झाली. मला ती पटत नाही, कारण व्याजदर बर्लिनला आणि माल्टाच्या व्हॅलेटाला एकच लागू होतो. वाट्यानुसार मते मोजतात ती भांडवल, गंगाजळी, नफावाटप असल्या घरच्या व्यवहारांत.

नफा सध्या आहे कुठे? स्वस्त व्याजाच्या काळात घेतलेल्या रोख्यांवर ठरावीक व्याज येते, आणि २०२२ पासून दर चढल्यावर देण्यावरचे व्याज मात्र वाढले. २०२४ मध्ये ईसीबीला ७.९ अब्ज युरोंचा तोटा झाला, भागधारकांना छदामही मिळाला नाही. गंमत अशी की ज्या व्याजाने हा खड्डा पाडला, त्यातले बरेचसे याच भागधारक बँकांच्या खात्यात गेले.