बारीपाड्याच्या विहिरींना पाणी आले कोठून?

(प्रतिनिधी) धुळे : गावाला सुविधा हव्यात म्हटले की रस्ता, नळ, शाळा, दवाखाना अशी यादी तालुक्याच्या कचेरीत जाते आणि गाव मंजुरीची वाट पाहत बसते. साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगत डोंगरात वसलेल्या बारीपाडा या सुमारे शंभर उंबऱ्यांच्या आदिवासी पाड्याने ही यादी जंगलापासून सुरू केली.

1990च्या सुमारास पाड्याभोवतीचे डोंगर उघडेबोडके झाले होते. सरपणासाठी आणि विक्रीसाठी झाडे तुटत होती. पावसाचे पाणी ओहोळांवाटे वाहून जाई व उन्हाळ्यात बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागे. कामासाठी बाहेरगावी जाणे हा मग नित्याचाच भाग. एम. कॉम. झालेले चैत्राम पवार हे गावातीलच तरुण. नोकरीची वाट सोडून ते गावातच राहिले आणि वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने ग्रामस्थांना एकत्र आणू लागले.

कुऱ्हाडबंदी व चराईबंदीचे नियम गावाने स्वतःच केले. नियम मोडणाऱ्यास दंड ठरला, राखणीची जबाबदारीही गावाने घेतली. हे सोपे नव्हते. ज्याची चूल सरपणावर पेटते त्याला जंगलात जाऊ नको म्हणणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणेच. त्यामुळे वाळलेले लाकूड केव्हा आणि किती न्यायचे, याचेही नियम करावे लागले. हा भाग कौतुकाच्या बातम्यांत फारसा येत नाही, पण बाकीचे सारे त्यावरच उभे आहे.

जोडीला श्रमदानातून उतारावर समपातळी चर खोदण्यात आले, ओहोळांवर बांध पडले. चरात अडलेले पाणी जमिनीत मुरते, माती धरून ठेवते आणि काही महिन्यांनी खालच्या विहिरीत उतरते. झाडांची मुळे व पालापाचोळा हेच काम फुकट करतात. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखले गेल्यावर विहिरींना पाणी टिकू लागले. भाताखेरीज दुसरे पीक घेता येऊ लागले आणि स्थलांतर घटले. शेजारच्या पाड्यांनाही येथून पाणी मिळाले.

जंगलातून ताटात काय येते, हे पाहायचे तर पावसाळ्यात यावे. 2004 पासून येथे वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. कर्टुली, बांबूचे कोंब, टाकळा अशा भाज्या महिला रांधून मांडतात. धुळ्या-नाशिकहून आलेले पाहुणे नावे विचारून थकतात, सांगणाऱ्या आजीबाई मात्र थकत नाहीत.

सर्व काही पाड्यातच मिळते असे मात्र नाही. मोठा बाजार आणि मोठ्या उपचारांसाठी आजही पिंपळनेर किंवा साक्रीचीच वाट धरावी लागते. 2025 मध्ये केंद्र सरकारने चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर केली. त्यानंतर गावाकडे येणाऱ्या अभ्यासकांची वर्दळ वाढली असली, तरी राखणीचे काम गावाकडेच आहे.