रस्ता नेमका कोणाचा?

मोटारींच्या शर्यतीत माणसे मरू लागली, तेव्हा एका अमेरिकन धनिकाने केवळ मोटारींसाठी वेगळा रस्ता बांधला. पुढे शर्यती संपल्या, तो रस्ताही बंद पडला. पण आज आपण ज्या द्रुतगती मार्गांवरून प्रवास करतो, त्यांची कल्पना त्या रस्त्यावर आकाराला आली होती.

कुत्री साखळीने बांधून ठेवा, कोंबड्या कोंडून ठेवा आणि रस्त्यावर गर्दी करू नका! १९०४ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरील रहिवाशांना अशी ताकीद देण्यात आली होती. कारण होते मोटारींच्या शर्यतीचे. ज्या रस्त्याने शेतकरी भाजीपाल्याच्या गाड्या नेत, मुले शाळेत जात, तोच रस्ता काही तासांसाठी सुसाट धावणाऱ्या मोटारींच्या ताब्यात जाणार होता. साहजिकच अनेकांनी विचारले, की रस्ता आमचा की या मूठभर श्रीमंतांचा?

फ्रान्समधील सुरुवात

मोटारींच्या शर्यतींचा जन्म अमेरिकेत नव्हे, फ्रान्समध्ये झाला. जुलै १८९४ मध्ये ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राने पॅरिस ते रुआँ अशी घोडा नसलेल्या गाड्यांची स्पर्धा भरवली. सर्वांत आधी पोहोचला तो काउंट द दियाँ. पण त्याची गाडी वाफेवर चालणारी होती आणि तिच्यात कोळसा टाकायला वेगळा माणूस लागत असे. त्यामुळे पहिले बक्षीस प्यूजो आणि पानार-लव्हासोर या दोन कंपन्यांच्या पेट्रोल गाड्यांना वाटून देण्यात आले.

पुढच्याच वर्षी पॅरिस-बोर्दो-पॅरिस ही सुमारे ११७८ किलोमीटरची शर्यत झाली. एमिल लव्हासोर याने जवळजवळ एकट्यानेच गाडी हाकत हे अंतर ४८ तास ४८ मिनिटांत कापले. म्हणजे ताशी सुमारे २४ किलोमीटर! आज हा वेग ऐकून हसू येईल. परंतु घोडागाडीच्या त्या काळात तो चमत्कारच होता.

हा वेग वाढायला वेळ लागला नाही. रस्ते मात्र होते तसेच राहिले: कच्चे, धुळीचे, माणसांनी आणि जनावरांनी भरलेले. मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद ही शर्यत निघाली, तेव्हा काही गाड्या ताशी १४० किलोमीटरच्या आसपास धावत होत्या. दुतर्फा लाखोंची गर्दी होती. धुरळ्यामुळे चालकाला पुढचे वळण दिसत नव्हते आणि समोरून येणारी गाडी नेमकी किती वेगात आहे, याचा प्रेक्षकांना अंदाज येत नव्हता. पहिल्याच दिवशी अपघातांमागून अपघात झाले. चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षकही बळी पडले. रेनॉ कंपनीच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनॉ याचाही त्या अपघातांत अंत झाला. सरकारने बोर्दो येथेच शर्यत थांबवली.

वँडरबिल्टचा चषक

याच सुमारास अमेरिकेत विल्यम के. वँडरबिल्ट (धाकटा) हा तरुण मोटारींच्या नादाने झपाटला होता. रेल्वे आणि जहाज व्यवसायातून अफाट संपत्ती मिळवणाऱ्या कॉर्नेलियस वँडरबिल्टचा हा पणतू. युरोपातील शर्यतींत त्याने स्वतः भाग घेतला होता. जानेवारी १९०४ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूच्या किनाऱ्यावर त्याने मर्सिडीज गाडी ताशी सुमारे १४८ किलोमीटर वेगाने पळवून विक्रमही केला.

युरोपीय गाड्यांपुढे अमेरिकन गाड्या मागे पडतात, ही गोष्ट त्याला खटकत होती. चढाओढ लागली तर आपले कारखानदार सुधारतील, या विचाराने त्याने चांदीचा एक मोठा चषक ठेवला. ८ ऑक्टोबर १९०४ रोजी पहिली ‘वँडरबिल्ट चषक’ शर्यत झाली. धूळ बसावी म्हणून रस्त्यांवर कच्चे तेल ओतण्यात आले होते. सुमारे ४५७ किलोमीटरची ही शर्यत जॉर्ज हीथ याने जिंकली. तो अमेरिकन असला तरी राहायचा पॅरिसला आणि त्याची गाडीही फ्रेंच होती, पानार. एका मेकॅनिकला मात्र या पहिल्याच शर्यतीत प्राण गमवावे लागले.

त्या काळी चालकाशेजारी मेकॅनिक बसत असे. तेलाचा पंप मारणे, टायरवर नजर ठेवणे, मागून कोण येते ते सांगणे ही त्याची कामे. सुरक्षेचा पट्टा नाही, डोक्यावर छप्पर नाही. नाव चालकाचे होई; जिवाचा धोका मात्र दोघांनाही सारखाच.

१९०५ आणि १९०६ या दोन्ही वर्षी चषक फ्रेंच दाराक गाड्यांनी पटकावला. १९०६ मध्ये तर प्रचंड जनसागर लोटला. लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहत आणि गाडी अगदी जवळ आली की बाजूला उड्या मारत. एक प्रेक्षक गाडीखाली सापडून ठार झाला. १९०७ ची शर्यत रद्द करावी लागली.

फक्त मोटारींसाठी रस्ता

शर्यत सोडायची नाही, पण गावातल्या रस्त्यावर ती घेणेही शक्य नाही. यावर वँडरबिल्टने उपाय काढला तो स्वतःचा रस्ता बांधण्याचा. त्यासाठी कंपनी स्थापन झाली आणि जून १९०८ मध्ये ‘लाँग आयलंड मोटर पार्कवे’चे काम सुरू झाले.

हा रस्ता त्या काळाच्या मानाने वेगळाच होता. त्यावर घोडागाडी नाही, गुरे नाहीत, पायी चालणारा माणूस नाही. वाटेत आडवा रस्ता आला की त्यावरून किंवा त्याखालून पूल. असे एकूण ६५ पूल बांधण्यात आले. त्यांपैकी काही तर केवळ शेतकऱ्यांना आपल्याच शेताच्या दुसऱ्या भागात जाता यावे म्हणून होते. रस्ता लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा, वळणावर बाहेरची बाजू उंच केलेली, कडेला कठडे. ठरावीक ठिकाणीच आत शिरता येई आणि तिथे टोल घेतला जाई. टोल घेणारा कर्मचारी नाक्याच्याच टुमदार घरात कुटुंबासह राहत असे.

अडचणही आली ती आपल्याला ओळखीची वाटेल अशी: जमिनीची. खासगी कंपनीला सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार नव्हता. जिथे मालकाने जमीन विकायला नकार दिला, तिथे रस्त्याला वळसा घ्यावा लागला. वेगासाठी बांधलेला हा मार्ग त्यामुळेच नागमोडी झाला. तो पूर्वेला रिव्हरहेडपर्यंत न्यायचा होता. प्रत्यक्षात रॉनकॉनकोमा सरोवरापर्यंत सुमारे ७२ किलोमीटरच झाला.

यश आणि शेवट

ऑक्टोबर १९०८ मध्ये तयार झालेला थोडा भाग आणि उरलेले सार्वजनिक रस्ते असा मार्ग आखून शर्यत झाली. जॉर्ज रॉबर्टसन याने लोकोमोबिल गाडीतून ताशी सुमारे १०३ किलोमीटर सरासरी वेगाने ती जिंकली. हा चषक प्रथमच अमेरिकन गाडीला मिळाला. १६ क्रमांकाची ती गाडी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात जतन केली आहे.

वँडरबिल्टची इच्छा पूर्ण झाली खरी, पण खरा प्रश्न सुटला नव्हता. शर्यतीचा बराचसा मार्ग अजूनही गावातूनच जात होता. १९१० च्या शर्यतीत दोन मेकॅनिक ठार झाले, अनेक जण जखमी झाले. त्यानंतर लाँग आयलंडच्या सार्वजनिक रस्त्यांवर ही शर्यत पुन्हा झाली नाही. चषक इतर शहरांत गेला. शर्यतींनी बंदिस्त मैदानाची वाट धरली. इंग्लंडमध्ये ब्रुकलंड्सची धावपट्टी १९०७ मध्येच तयार झाली होती. १९११ मध्ये इंडियानापोलिसला पहिली ५०० मैलांची शर्यत झाली.

पार्कवे मात्र उरला, टोल भरून फिरायला जाणाऱ्यांसाठी. सुरुवातीचा टोल होता २ डॉलर. १९१४ पूर्वी फोर्डच्या कारखान्यात कामगाराची दिवसाची मजुरी सुमारे सव्वादोन डॉलर होती. यावरून हा रस्ता कोणासाठी होता ते कळते. पण पुढे फोर्डच्याच स्वस्त ‘मॉडेल टी’मुळे सामान्य माणसाच्या दारातही मोटार आली. १९२५ मध्ये ती २६० डॉलरला मिळत होती. या नव्या मोटारमालकांना रस्ता हवा होता, पण परवडणारा. १९३१ पासून रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेतील नॉर्दर्न स्टेट पार्कवे टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला. तो सरकारी होता, रुंद होता आणि मुख्य म्हणजे फुकट होता. वँडरबिल्टच्या कंपनीने टोल ४० सेंटपर्यंत उतरवला, तरी गाड्या वळल्या नाहीत. अखेर १९३८ मध्ये रस्ता बंद झाला आणि थकलेल्या करापोटी तो सरकारजमा झाला.

रस्ता गेला, कल्पना राहिली. आडवे रस्ते नाहीत, मर्यादित प्रवेश, संथ वाहनांना मज्जाव आणि टोल. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जाताना हीच तत्त्वे आपल्याला दिसतात. त्याचबरोबर जुना प्रश्नही दिसतो: वेगवान गाडीसाठी रस्ता बांधताना पायी चालणाऱ्याची, शेतकऱ्याची, शाळकरी मुलाची सोय कोणी बघायची? वँडरबिल्टने निदान शेतकऱ्यांसाठी पूल बांधले होते, हे विसरता येणार नाही.

त्याच्या पार्कवेचा सफोक परगण्यातील काही भाग आजही साधा सार्वजनिक रस्ता म्हणून वापरात आहे. क्वीन्समधील भाग १९३८ सालीच सायकलींसाठी खुला करण्यात आला. ज्या मार्गावर पायी माणसाला पाऊल ठेवायची मनाई होती, त्याच मार्गावर आज आईवडील मुलांना सायकल शिकवतात, वृद्ध निवांत फिरतात. मोटारीला तिथे प्रवेश नाही.