रविवारी रात्री मेस बंद, मग खायचं काय?

पुण्यात मेसवर जेवणाऱ्यांना माहितीये, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. फर्स्ट इयरला मी त्या रात्री दोन वडापाव खायचो. अकराला पुन्हा भूक, सोमवारच्या सबमिशनचे बारा! कारण साधं आहे. बटाटा आणि मैद्याचा पाव म्हणजे बहुतेक स्टार्चच. बेसनाचं आवरण सोडलं तर प्रथिनं फारशी नाहीत, त्यामुळे पोट जास्त वेळ धरत नाही. आता मी गाडीवर डबल ऑम्लेट-पाव सांगतो. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. माझा रूममेट अंडं खात नाही, तो भाजलेले शेंगदाणे ठेवतो. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅममध्ये जवळपास ७ ग्रॅम मिळतात. सोबतचा गूळ मात्र आम्हीच संपवतो.